‘त्यामुळे’ म्हणजे कशामुळे?

पत्र

बाई, मी लातूरची. सध्या पुण्यात राहून यूपीएससीची तयारी करते आहे, माध्यम मराठी. निबंधाच्या सराव पेपरवर पहिल्यांदा शेरा आला : ‘वाक्ये सुटी सुटी. जोडशब्द वापरा.’ मी ‘त्यामुळे’, ‘तसेच’ अशा साठ जोडशब्दांचा तक्ता करून टेबलासमोर भिंतीवर चिकटवला आणि तोच निबंध पुन्हा लिहिला. या वेळचा शेरा : ‘जोडशब्दांचा भडिमार.’ सरांना विचारलं तर म्हणाले, ‘वाचत राहा, जमेल.’ विषय होता ‘दुष्काळी भागात उसाला बंदी घालावी का?’ त्यातला एक परिच्छेद खाली देते. २०१६ला मी नववीत होते, पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली आहे, म्हणजे विषय काही परका नाही. मग असं का होतं? परिच्छेदाला नेमके किती जोडशब्द घालायचे, दोन की तीन? वाक्याची सुरुवात ‘पण’ने केली तर गुण कापतात का? आणि तो तक्ता काढून टाकू का?

*‘मराठवाड्यात पाण्याची तीव्र टंचाई आहे. तसेच उसाचे क्षेत्र वाढत आहे. त्यामुळे शेतकऱ्यांना उसाशिवाय पर्याय राहिलेला नाही. शिवाय उसाला रास्त व किफायतशीर दराची हमी आहे. मात्र उसाला वर्षभर पाणी लागते. परिणामी २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून उसावर बंदी घातली पाहिजे. तथापि शेतकऱ्यांचाही विचार झाला पाहिजे. थोडक्यात, समतोल साधणे ही काळाची गरज आहे.’*

— दुसरा प्रयत्न, लातूर

उत्तर

अगं, ‘वाचत राहा, जमेल’ हे खोटं नाही. पण ज्या मुलीला तीन तासांत हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचेत आणि त्यावर २५० गुण टांगलेत, तिला या वाक्याचा काय उपयोग? तेव्हा आपण तुझा परिच्छेदच समोर घेऊ.

नऊ वाक्यं आहेत. पहिलं सोडलं तर प्रत्येकाच्या तोंडी एक जोडशब्द, म्हणजे आठ. तुझ्या सरांना तो भडिमार वाटला. मला नाही वाटत. आठही शब्द आपापल्या जागी बरोबर असते तर ते कुणाच्या नजरेतही आले नसते. परीक्षक जोडशब्द मोजायला बसत नाही, वाचता वाचता ठेच लागली की मात्र थांबतो. तुझ्या परिच्छेदात आठांपैकी सहा-सात ठिकाणी ठेच लागते, म्हणून तो भडिमार वाटतो.

आता ठेच का लागते ते बघ. आपल्या मराठीतल्या बऱ्याचशा जोडशब्दांच्या पोटात एक बोट लपलेलं असतं. त्यामुळे म्हणजे ‘त्या’मुळे. तसेच म्हणजे ‘तसे’च. यावरून, याउलट, त्याऐवजी, तेव्हा, तरी, तर. नीट पाहिलंस तर प्रत्येकात ‘हा’ किंवा ‘तो’ बसलेला आहे. जर-तर, जरी-तरी, जसे-तसे, जेव्हा-तेव्हा या जोड्याही अशाच, ‘ज’ने हाक मारायची आणि ‘त’ने ओ द्यायची. हे शब्द मागे बोट दाखवतात. ते बोट कशाकडे आहे हे वाचणाऱ्याला दिसायला हवं. तुला दिसतंय का, हे तपासायची साधी युक्ती आहे : जोडशब्दालाच उलटा प्रश्न विचारायचा. त्यामुळे? कशामुळे? तसेच? कसे? यावरून? कशावरून?

चल, तुझ्यावरच करून बघू.

‘टंचाई आहे. तसेच उसाचे क्षेत्र वाढत आहे.’ तसेच म्हणजे कसे? टंचाई आहे तसा ऊसही आहे? या दोन गोष्टी एका माळेतल्या नाहीतच. पाणी नाही आणि तरीही सगळ्यांत जास्त पाणी पिणारं पीक वाढतंय, हा तिढा आहे. तुझा सगळा निबंध या तिढ्यावर उभा राहणार होता आणि तू ‘तसेच’ घालून तो किराणा यादीतल्या दोन वस्तूंसारखा शेजारी शेजारी ठेवून दिलास. इथे ‘तरी’ हवं होतं. ‘पाणी कमी, तरी ऊस वाढतो आहे.’ एका अक्षरजोडीने वाचणारा कान टवकारतो : का बरं वाढत असेल?

‘त्यामुळे शेतकऱ्यांना पर्याय राहिलेला नाही.’ कशामुळे? उसाचं क्षेत्र वाढल्यामुळे? गाडी बैलापुढे लागली की गं. पर्याय नाही म्हणून क्षेत्र वाढतंय. तुला ‘कारण’ म्हणायचं होतं, आणि तुझ्या मनात ते नक्कीच बरोबर होतं. रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीला हे कळत नाही असं मी मानणार नाही. तक्त्यात ‘कारण’ आणि ‘त्यामुळे’ एकाच रकान्यात ‘कार्यकारण’ म्हणून लिहिलेत का बघ. पैज लावते, लिहिले असणार. त्या दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला असतात. ‘कारण’ म्हटलं की पुढे कारण येतं. ‘त्यामुळे’ म्हटलं की कारण मागे होऊन गेलेलं असतं आणि पुढे परिणाम येतो.

‘शिवाय उसाला रास्त व किफायतशीर दराची हमी आहे.’ शिवाय म्हणजे आणखी एक, त्याच दिशेचा मुद्दा. पण दराची हमी हा आणखी एक मुद्दा नव्हे, पर्याय नसण्याचं पोटातलं कारणच ते आहे. ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे द्यावेत असा १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. प्रत्यक्षात पैसे थकतात, आंदोलनं होतात, हे तुला-मला माहीत आहे. तरीसुद्धा भांडायला हातात कायद्याचा कागद असतो. सोयाबीन-तुरीचा हमीभाव सरकार जाहीर करतं, पण आडत्यावर तो भाव देण्याचं बंधन कुठे असतं? हा फरक दोन वाक्यांत आला असता तर ‘पर्याय नाही’ या तुझ्या शब्दांना वजन आलं असतं. तू तो ‘शिवाय’च्या मागे लपवलास.

‘मात्र’ बरोबर आहे. एकदाचा एक सापडला. फक्त त्याची जागा बघ. ‘मात्र’ हा मराठीत मुळात शब्दाच्या मागून चालणारा गडी आहे : ‘सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघते, उसाला मात्र बारा ते अठरा महिने पाणी द्यावे लागते.’ ज्याला वेगळं काढायचं त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘मात्र’ म्हणायचं. वाक्याच्या तोंडी ‘मात्र’ आणून पुढे स्वल्पविराम द्यायचा, ही वर्तमानपत्री सवय. चूक म्हणणार नाही, आता सगळेच लिहितात. पण मागून आलेला ‘मात्र’ नेमका कोण वेगळा आहे ते सांगतो, तोंडचा ‘मात्र’ नुसता खाकरतो.

आता सगळ्यांत महाग पडलेला शब्द : ‘परिणामी’. ‘उसाला वर्षभर पाणी लागते. परिणामी २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले.’ इथे परीक्षक पेन खाली ठेवतो. एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, खरं. पण २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस तुटीचा होता आणि मांजरा धरण कोरडं पडलं होतं, हेही तितकंच खरं. या सगळ्यात उसाचा वाटा किती? धरणाच्या पाण्यावरचा ऊस, विहिरी-बोअरवरचा ऊस, शहराचा पाणीपुरवठा, यांचा एकमेकांशी संबंध तू दाखवलाच नाहीस. एवढा मोठा पूल बांधायचं काम तू एका चार अक्षरी शब्दावर सोपवलंस. तो शब्द बिचारा काय करणार? ज्या ठिकाणी पुरावा हवा तिथे जोडशब्द घातला की त्याचा भडिमार वाटतो, आणि तो तसा वाटायलाच हवा.

मी स्वतः या चुकीत मुरलेली आहे. कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत ‘म्हणूनच मी म्हणते’ हे माझं पालुपद होतं. टाळ्या मिळायच्या. एकदा एका वयस्कर परीक्षकांनी बक्षीस देता देता हळूच विचारलं, ‘सात वेळा म्हणूनच म्हणालीस, पोरी. कशावरून, ते एकदा तरी सांगायचंस.’ बक्षीस दुसरं होतं. पहिलं का नव्हतं ते तेवढ्यात कळलं.

त्या ‘म्हणून’वर थोडं थांबते, कारण सगळ्यांत जास्त घोटाळा तिथे होतो. ‘म्हणून’ एकटा तीन घरची धुणी धुतो. ‘पाणी नव्हतं म्हणून पीक गेलं’ इथे तो कारण-परिणाम जोडतो. ‘पोरं शिकावीत म्हणून ऊस लावला’ इथे हेतू सांगतो. ‘येतो म्हणून सांगून गेला’ इथे दुसऱ्याचं बोलणं नुसतं पोचवतो. बोलताना आवाजावरून कळतं, कागदावर कळेलच असं नाही. म्हणून (बघ, मीही वापरला) वादाच्या निबंधात मी त्याचं काम वाटून देते. निसर्गात किंवा व्यवहारात एकातून दुसरं घडलं असेल तर त्यामुळे : ‘पाऊस लांबला. त्यामुळे पेरणी लांबली.’ माणसाने विचार करून निर्णय घेतला असेल, किंवा मी लेखक म्हणून काही सुचवत असेन, तर म्हणून : ‘पेरणी लांबली, म्हणून त्याने कपाशी सोडून सोयाबीन घेतले.’

आणि तिसरा प्रकार, जो मुलं सर्रास चुकवतात : खुणेवरून अंदाज बांधणं. सकाळी उठलीस, अंगण ओलं दिसलं. ‘अंगण ओले आहे. त्यामुळे रात्री पाऊस पडला’ असं म्हणशील का? अंगण ओलं होतं म्हणून पाऊस पडला नाही ना. तू म्हणशील, ‘अंगण ओले आहे, म्हणजे रात्री पाऊस पडला असणार.’ निबंधात हेच हवं : म्हणजे, यावरून, त्याअर्थी. क्रियापदालाही मग ‘असणार’, ‘असावा’, ‘दिसते’ असं थोडं नमतं रूप द्यावं लागतं, कारण अंगण शेजारणीच्या पाइपनेही ओलं झालेलं असू शकतं. बोअरवेलची खोली वाढत गेली, हे पाणी खाली गेल्याची खूण आहे. ‘बोअर खोल गेल्या, त्यामुळे पाणी खाली गेले’ असं लिहिलंस तर तू वेगळाच आरोप करते आहेस. कदाचित तोही खरा असेल! पण मग तो जाणून-बुजून कर.

‘त्याअर्थी’वरून आठवलं. सरकारी अधिसूचना ‘ज्याअर्थी… त्याअर्थी, आता…’ अशा चालीत चालतात आणि अर्जांच्या शेवटी ‘सबब विनंती की’ असतं. तुझ्या तक्त्यात ‘सबब’, ‘यास्तव’, ‘तस्मात्’ असतील तर ते तहसील कचेरीत राहू देत. त्यांनी भाषा भारदस्त होत नाही, निबंधाला स्टॅम्प पेपरचा वास येतो.

आता ‘पण’. शाळेत उभयान्वयी अव्ययं शिकताना पण, परंतु, परी यांना ‘न्यूनत्वबोधक’ म्हणतात हे पाठ केलं असशील. पाठ करताना त्या शब्दाकडे बघितलं होतंस का? न्यूनत्व, उणेपण. ‘पण’ आला की त्याच्या आधी जे बोललं गेलं ते उणं ठरतं, आणि जे नंतर येतं ते जड. मुलगी बघायला आलेल्या मंडळींचं वाक्य आठव : ‘मुलगी शिकलेली आहे, पण उंची कमी आहे.’ नकार ऐकू आला ना? आता उलट करू : ‘उंची कमी आहे, पण मुलगी शिकलेली आहे.’ बैठक पुढे सरकली. माहिती दोन्हीकडे तीच.

उसाचंही तसंच आहे. ‘ऊस शेतकऱ्याला खात्रीचा पैसा देतो, पण पाणी फार पितो.’ हे वाक्य बंदीकडे झुकलेलं आहे. ‘ऊस पाणी फार पितो, पण शेतकऱ्याला खात्रीचा पैसा देतो.’ हे बंदीच्या विरोधात. तुझी बाजू कोणती हे ठरवलंस की ‘पण’च्या दोन्ही अंगांना काय ठेवायचं हे आपोआप ठरतं. समोरच्याचा मुद्दा ‘पण’च्या आधी, तोही मान देऊन : ‘हे खरे, पण…’ आपला मुद्दा नंतर. ‘जरी-तरी’तही वजन ‘तरी’च्या पलीकडेच असतं.

हे लक्षात आलं की तुझ्या ‘तथापि’ने काय केलं ते दिसेल. ‘म्हणून उसावर बंदी घातली पाहिजे. तथापि शेतकऱ्यांचाही विचार झाला पाहिजे.’ निकाल दिलास आणि लगेच त्याच्या पायाखालची सतरंजी ओढलीस. वजन कुठे पडलं? शेतकऱ्यांच्या विचारावर. मग बंदी हवी की नको? शेतकऱ्यांचा विचार आधी यायला हवा होता, सविस्तर, आणि त्याला ओलांडून तू निष्कर्षाकडे जायला हवं होतंस. ओलांडता आलं नसतं तर निष्कर्ष बदलायला हवा होता. बऱ्याच मुलांना वाटतं शेवटी ‘तथापि’ घातलं की निबंध समतोल दिसतो. तो समतोल दिसत नाही, घाबरलेला दिसतो.

‘उलट’ आणि ‘याउलट’ यांचाही घोळ मी रोज बघते. ‘ठिबकने उत्पादन घटले नाही, उलट वाढले’ : इथे ‘उलट’ने आधीचा समज खोडला, गोष्ट एकच आहे. ‘कोल्हापूरकडे पाऊस भरपूर. याउलट मराठवाडा पर्जन्यछायेत’ : इथे दोन वेगळ्या गोष्टी समोरासमोर ठेवल्या, कुणाला खोडलं नाही.

राहिला ‘आणि’. तो गरीब वाटतो, पण सगळ्यांत लबाड तोच. ‘साखर कारखाने आले आणि विहिरी आटल्या.’ मी कुठे म्हटलं कारखान्यांमुळे आटल्या? मी तर फक्त ‘आणि’ म्हटलं! राजकीय भाषणं या ‘आणि’वर चालतात. वाचताना तो पकड, लिहिताना टाळ. आरोप करायचा असेल तर ‘मुळे’ म्हणून कर आणि पुरावा दे.

‘थोडक्यात, समतोल साधणे ही काळाची गरज आहे’ यावर काही लिहित नाही. काढून टाक. तक्त्यात ‘या पार्श्वभूमीवर’ असेल तर तेही काढ, ती पार्श्वभूमी कधीच दिसत नाही. आणि ‘दरम्यान’! बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात ‘दरम्यान’ येतं, कारण वार्ताहराकडे एक माहिती उरलेली असते आणि ती कुठे चिकटवावी हे त्याला सुचत नाही. तुझ्या निबंधात तसं काही उरलं तर ते उरू दे.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुझ्या पहिल्या शेऱ्याबद्दल. वाक्यं सुटी वाटली की जोडशब्दच हवा असं नाही. मराठीला सांधे आतून असतात. ‘पाऊस कमी झाला. त्यामुळे धरण भरले नाही. त्यामुळे शहराला पाणी मिळाले नाही.’ यापेक्षा ‘पाऊस कमी झाल्याने धरण भरले नाही आणि शहर तहानलेले राहिले.’ -ल्याने, -ऊन, -ताना, -असूनही, -ऐवजी, हे सगळे सांधेच आहेत, ते फक्त तक्त्यात बसत नाहीत. इंग्रजीच्या याद्या मराठीत उतरवून क्लासमध्ये वाटल्या जातात, त्यात हे येणार कुठून? त्या याद्यांतूनच ‘शेवटचे परंतु कमी महत्त्वाचे नाही असे’ हे वाक्य येतं. माझ्या आजीने ते ऐकून विचारलं असतं, महत्त्वाचं आहे तर शेवटी का ठेवलंस?

आणि कधी कधी काहीच नको. ‘नाचता येईना, अंगण वाकडे.’ घालून बघ मध्ये एखादा ‘तरीही’ किंवा ‘म्हणून’, म्हणीचा जीव जातो. दोन वाक्यांमधलं नातं नागडं दिसत असेल तर त्यावर शब्दाचं पांघरूण घालायचं नाही. पण ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ यातला ‘तरी’ काढून बघ. तिथे तो काढता येत नाही, कारण दोरी जळल्यावर पीळ जाईल असंच ऐकणाऱ्याला वाटत असतं. वाचणाऱ्याची अपेक्षा मोडायची असेल तिथे शब्द लागतो, अपेक्षेप्रमाणे चाललं असेल तिथे बहुधा लागत नाही.

तुझा परिच्छेद मी असा लावला. शक्यतो तुझीच माहिती ठेवली आहे, वर बोललो तेवढंच नवं आहे.

*‘मराठवाड्यात पाणी कमी, तरी उसाचे क्षेत्र वाढते आहे. शेतकरी बेफिकीर आहे असा याचा अर्थ नाही. उसाचा दर कायद्याने बांधलेला असतो. सोयाबीन-तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने खरेदी होईलच याची खात्री नसते. ज्या पिकात खात्री, त्याकडे तो वळतो. बंदी घातली तर ही खात्री त्याच्या हातून जाईल, हे खरे. पण उसाला बारा ते अठरा महिने पाणी लागते, आणि पाऊस लागोपाठ दोन वर्षे हुकला की पिण्याच्या पाण्याचीही खात्री उरत नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते अशाच दोन वर्षांनंतर. तेव्हा बंदीच्या आधी विचारायचा प्रश्न हा, की उसाइतकी खात्री कमी पाण्याच्या पिकाला कोण देणार?’*

रेल्वेचं खापर उसावर फोडलेलं नाही, बघ. ‘अशाच दोन वर्षांनंतर’ एवढंच म्हटलं, कारण तेवढंच आपल्याला दाखवता येतं. आणि शेवटी काय झालं ते पाहिलंस? तू बंदीपाशी पोचली होतीस, मी नाही पोचले. नाती नीट लावत गेले तर तुझीच वाक्यं मला खात्रीच्या प्रश्नाकडे घेऊन गेली. तुला बंदीच मांडायची असेल तर खुशाल मांड, मात्र मग उसाचं पाणी आणि शहराचं पाणी यांचा संबंध दाखवणारा आणखी एक परिच्छेद लिहावा लागेल, आकड्यांनिशी. ‘परिणामी’वर भागणार नाही.

सराव कसा करायचा? रोज एक अग्रलेख घे. त्यातले सगळे जोडशब्द पेन्सिलीने खोडून टाक, चहा पिऊन ये, आणि गाळलेल्या जागा भर. जिथे तुझा शब्द वेगळा आला तिथे थांब : चूक तुझी की संपादकांची? दहातल्या दोन-तीन वेळा संपादकांची निघते, तेव्हा मजा येते. परीक्षेत कच्च्या कामाच्या पानावर मुद्दे एकाखाली एक लिहिशील, तेव्हा दोन मुद्द्यांच्या मधल्या जागेत फक्त तेवढाच शब्द लिही : तरी, कारण, हे खरे पण, तेव्हा. मध्ये लिहायला शब्द सुचला नाही तर त्या दोन मुद्द्यांचा क्रम बदल. मधे काहीच बसत नसेल तर त्यातला एक मुद्दा या निबंधाचा नाही.

वाक्य ‘पण’ने सुरू केलं म्हणून गुण कापल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मी या पत्रात कितीदा केलं ते मोज. ‘व’ने मात्र सुरू करू नकोस, तो दोन शब्दांच्या मध्येच बरा दिसतो. आणि ‘परंतु’, ‘तसेच’, ‘म्हणून’ यांच्यापुढे स्वल्पविराम देत सुटू नकोस, मराठीत तिथे श्वास थांबत नाही.

तक्ता काढू नकोस. मेहनत केली आहेस. त्यातला ‘कार्यकारण’चा रकाना मधोमध रेघ मारून दोन कर, एकीकडे मागे बघणारे, दुसरीकडे पुढे बघणारे. प्रत्येक शब्दासमोर त्याचा उलटा प्रश्न लाल पेनाने लिही. आणि ऊस पुन्हा लिहिलास की पाठव. त्या रांगेतली घागर निबंधात कुठेच दिसली नाही, ती या वेळी आण.